मागची खोली आणि मावशीचे उपास

आमच्या मावळात लग्नाची किंमत भटजींपेक्षा बंगलेवाल्यांना जास्त कळते. कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कितीतरी फाटकांवर एकच पाटी लटकलेली दिसेल: ‘वॉचमन जोडी पाहिजे. राहण्यास खोली मिळेल.’ जोडी म्हणजे नवरा-बायको. एकटा बाप्या आला तर तो पीत असेल म्हणून नको, एकटी बाई आली तर ती एकटी म्हणून नको. दोघं मिळून आले की पगार वॉचमनला आणि काम वॉचमनच्या बायकोला. फाटक उघडायचं ते त्यानं. फाटकाच्या आतलं सगळं, म्हणजे झाडू, भांडी, अंथरुणं, बाग, पाहुण्यांचा रस्सा आणि कुत्र्याचा भात, हे तिनं. तिला कुणी नावानं हाक मारत नाही. ती आपली वॉचमनची बायको.

मी या बायकांच्या गटाचं काम करते. मी मूळची सोमाटण्याची, दिली कामशेतला. कामशेतच्या बाजारात खताच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत, त्यामुळे आमच्या सामाजिक न्यायाला कायम युरियाचा वास येतो. माझं पद समन्वयक. समन्वयक म्हणजे सतरंजी झटकायची, सगळ्यांना फोन करायचे, चहा सांगायचा आणि कुणी अंगावर आलं की पुढे उभं राहायचं. हे शेवटचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचे सर म्हणतात, ‘‘तुमचा आवाज ही संस्थेची मोठी ताकद आहे.’’ ते चांगल्या अर्थानंच म्हणतात, असं मी धरून चालते.

सर पुण्याचे. तरुणपणी या भागात आले ते परत गेलेच नाहीत. माणूस लाखात एक, पण जगातल्या कुठल्याही दुःखावर त्यांचा पहिला उपाय म्हणजे प्रशिक्षण. जातिभेदावर त्यांच्याकडे रंगीत तक्ते आहेत, प्लास्टिकमध्ये घालून घेतलेले. पावसात भिजत नाहीत. ते भिंतीला लावून सर तासभर बोलतात, बायका माना डोलावतात, ‘‘आता तसलं काय राह्यलं न्हाई, सर’’ म्हणतात. सर खूश होतात. मग जेवणाची वेळ होते आणि डबे उघडतात.

आता इथं मावशीचं सांगायला पाहिजे.

मावशी मळवलीच्या एका बंगल्यावर राहायची. म्हणजे बंगल्यात नव्हे, बंगल्याच्या मागच्या खोलीत. ती खोली आणि तो बंगला ज्या जमिनीवर उभा आहे ती एकेकाळी मावशीच्या सासऱ्याची भाताची खाचरं होती. ती विकली गेली, पैसे आले तसे गेले आणि मावशीचा नवरा स्वतःच्याच खाचरात वॉचमन झाला. त्याला आम्ही सगळे आबा म्हणायचो. इतका गरीब स्वभाव की चोर आला असता तर आबांनी त्याला आधी पाणी विचारलं असतं. पण चोरानं यावं तरी कशाला? फाटकाला रोज कुलूप घालायची, काठी आपटत बागेतून फेरी मारायची आणि ‘‘कोण हाय रं तिकडं?’’ म्हणून ओरडायची ती मावशी. आबा तोवर घोरत असायचे.

गटाची बैठक मावशीच्याच ओट्यावर भरायची. मालक मुंबईचे, ते शनिवार-रविवारीच यायचे, म्हणून आमची बैठक मधल्या वारी. जवळपासच्या बंगल्यांवरच्या बायका यायच्या आणि बेडशाहून आक्का यायची. आक्का बौद्ध समाजातली, पन्नाशीची, नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या घरी राहायची. नवरा नाही म्हणून तिला कुठल्याच बंगल्यावर खोली मिळाली नव्हती. रोज सकाळी सहाआसनी रिक्षानं कामशेत, तिथून गाडीनं मळवली, मग दिवसभर या बंगल्याची भांडी, त्या बंगल्याची फरशी, आणि संध्याकाळी तसंच परत. जीभ मात्र अशी की सरांचे तक्ते तिच्यापुढे फिके पडतील. गटात मला कुणाचा धाक वाटत असेल तर तो आक्काचा.

मावशी चहा सगळ्यांना द्यायची. एकाच प्रकारच्या स्टीलच्या पेल्यांतून, आक्कालाही. त्या बाबतीत मावशी अगदी आधुनिक. पण डबे उघडले, सगळ्यांची भाजी मधल्या ताटात आली, आक्कानं आपली सुकट आणि भाकरी पुढे सरकवली, की मावशी पदर सावरून मागे व्हायची.

‘‘माजा उपास हाय आज.’’

आधी बैठक मंगळवारी असायची. मंगळवारचा उपास, ठीक आहे. मग कुणाकुणाच्या सोयीसाठी ती बुधवारी केली. मावशीला बुधवार लागला. गुरुवारी केली तर दत्तगुरू. शुक्रवारी केली तर देवी. मी तर बैठकीचा वार बदलला की मनातल्या मनात पैज लावायची, आता कोणता देव मदतीला येतोय. एवढे देव एका बाईला पावलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

आक्काला काय कळत नव्हतं? तिला सगळं कळायचं. ती भाकरी मोडता मोडता विचारायची, ‘‘मावशी, तुमी एवढे उपास करता, मंग वाळत कशा न्हाई?’’

‘‘देवाची किरपा,’’ मावशी म्हणायची.

सगळ्या हसायच्या, मावशीही हसायची, आणि विषय संपायचा. सरांचं धोरण असं की ज्या मुद्द्यावरून गट फुटेल तो मुद्दा पुढच्या बैठकीत घ्यायचा. त्यामुळे मावशीचे उपास कायम पुढच्या बैठकीत असायचे.

गेल्या भादव्यात आबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. मालकीणबाई मुंबईहून आल्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. मावशीच्या गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं, उगाच कशाला पाप घेऊ? पण दिवस उरकले आणि मॅडमचा फोन आला: ‘‘मावशी, तुम्ही दिवाळीपर्यंत अगदी आरामात राहा. मग आम्ही नवी जोडी बघतोय. रात्री एकटी बाई म्हणजे सेफ नाही हो.’’

मावशीला जायला जागा नव्हती. गावात दीर होता, पण त्यानं ‘पडवीत गुरं हायत’ म्हणून आधीच हात वर केले होते. मुलगी चाकणला एका खोलीत नवरा, सासू आणि दोन पोरांना घेऊन राहत होती. मावशी तिकडे गेली असती तर झोपायच्या आधी कुणाला तरी बाहेर उभं करावं लागलं असतं. आयुष्य त्या खोलीत गेलेलं. ओटा शेणानं सारवायची सवय अजून सुटली नव्हती, सिमेंटचा ओटा असूनसुद्धा. ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, ‘‘मला हितनं काढू नगा म्हनावं. बाकी काय नको.’’

मी मॅडमना फोन लावला. त्या फार गोड बोलतात, तीच पंचाईत. ‘‘अहो ताई, मावशी आमच्या घरच्याच आहेत!’’ माझा अनुभव सांगते: कामाच्या माणसाला कुणी ‘घरचं’ म्हणालं की त्यानं आपलं बोचकं कुठे आहे ते बघून ठेवावं. मी म्हटलं, ‘‘घरच्या आहेत, तर मग घरात राहू द्या.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण जोडी हवी ना!’’ मी म्हटलं, ‘‘काम तर मावशीच करत होत्या.’’ त्या म्हणाल्या, ‘‘काम असतं तरी किती हो? आम्ही आठवड्यातून दोन दिवस येतो.’’

झालं. माझं डोकं फिरलं. फोन ठेवला तो जरा आपटूनच ठेवला.

बैठक बोलावली. मी म्हटलं, ‘‘काम किती असतं ते यांना दाखवूच.’’ मॅडमच्या सासूबाईंचा वाढदिवस होता, पुढच्या शनिवारी सगळं कुटुंब बंगल्यावर येणार होतं, आणि रविवारी दुपारी नवी जोडी बघायला बोलावली होती. एरवी असं काही असलं की मावशीच्या मदतीला सगळी आळी धावायची. या वेळी कुणीच जायचं नाही. मावशी फाटकापाशी सतरंजीवर बसेल, आपण तिच्या शेजारी बसायचं आणि बंगल्यातल्या काडीलासुद्धा हात लावायचा नाही. सरांना कल्पना फारच आवडली. त्यांनी ताबडतोब एक फलक छापून आणला, ‘आमच्या कामाला किंमत द्या’, चांगला जाड कापडाचा. बायकांनी एकवीरा आईची शपथ घेतली. आक्का म्हणाली, ‘‘मला शपथ नगं. मी बोलले म्हंजे बोलले.’’

शनिवारी मी निघाले ती वाटेत एकच विचार करत. कुणावर दमदाटी झाली तर? पोलीस आले तर? सरांनी प्रथमोपचाराची पेटीही बरोबर घेतली होती. फाटकापाशी पोचलो तर सतरंजीवर आक्का एकटी बसलेली. मांडी घालून, हाताची घडी, आणि चेहरा असा की पेटी तिथंच उघडावी लागते की काय असं वाटलं.

‘‘बाकीच्या कुठायत?’’ मी विचारलं.

‘‘जाऊन बगा आत.’’

‘‘आणि फलक?’’

आक्कानं नुसती हनुवटी हलवली. शेजारच्या अंगणात कुणीतरी भात वाळत घातला होता. सकाळी शिंतोडे पडले म्हणून त्यावर आमचा फलक पांघरला होता. ‘आमच्या कामाला किंमत द्या’ खाली इंद्रायणी भात निवांत पडला होता.

मी मागच्या बाजूनं आत गेले. पहिली भेटली ती बागेत, नळी हातात धरून.

‘‘अगं, शपथ घेतलीस ना!’’

‘‘व्हय, पर झाडांनी काय घोडं मारलंय ताई? माना टाकल्यात बगा त्यांनी.’’ तिनं टाकलेल्या माना मला दाखवल्या. तिच्या आधी आणखी दोघींना त्या दिसल्या असाव्यात, कारण गुलाबाच्या आळ्यात बेडूक पोहेल एवढं पाणी साचलं होतं.

दुसरी कपडे काढत होती. ‘‘पावसानं भिजतील म्हनून. निस्तं काढून ठेवते, घड्या न्हाई करनार.’’ घड्या करता करताच बोलत होती. तिसरी कुत्र्याला भात घालत होती. ‘‘मुकं जनावर हाय ते, त्याला काय संप कळतोय?’’ चौथी स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होती. तिची डाळ करपली होती, कारण ती दर दोन मिनिटांनी खिडकीतून मी येतेय का ते बघत होती. प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्या फाटकाशी बसल्यात, आपण एकटीनं जरासं केलं तर कुणाला कळतंय! गंमत म्हणजे एका दारानं एक आत गेली की दुसरी दुसऱ्या दारानं बाहेर पडत होती, आणि एकमेकींना तोंड दाखवायला लाजत होत्या.

आणि मागच्या चुलीपाशी, फुंकणी तोंडाला लावून, डोळ्यांत धूर घेऊन बसली होती कोण? आमची मावशी. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती.

‘‘मावशी!’’ मी ओरडलेच.

‘‘हळू बोल की. आजींना गॅसवरचं पानी चालत न्हाई, अंग दुखतंय त्यांचं. वाढदिवस हाय म्हातारीचा. एवढा एक हंडा तापवते आन् येते संपाला.’’

मी कपाळावर हात मारला. एवढ्यात मॅडम व्हरांड्यात आल्या, फुललेल्या चेहऱ्यानं. ‘‘ताई, मला कुणीतरी म्हणालं तुम्ही स्ट्राइक करताय, मी घाबरले होते हो! पण बघा ना, सगळं किती छान चाललंय. मी म्हटलं नव्हतं, काम असं फार नसतंच. आपोआप होतं.’’

आपोआप! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सर माझ्याकडे बघू लागले, मी सरांकडे. आमच्या संस्थेची मोठी ताकद तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

फाटकाकडून आक्का आली. ताडताड चालत, सतरंजी काखेत मारून. व्हरांड्यात मॅडम, खुर्चीत सासूबाई, तापलेल्या पाण्याची बादली दारात टेकवून मावशी, मागून गोळा झालेल्या बाकीच्या बायका, आणि आक्का सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

‘‘बाई, हे आपोआप झालं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते मी कसं झालं ते. ही मागल्या दारानं शिरली, झाडांना पानी घातलं. तिच्या आदी ह्या दोगींनी घातलं, म्हनून तुमचे गुलाब बुडालेत. ही कुंपणावरनं आली, वय बगा तिचं, कपडे काढाया. कुत्र्याला दोनदा भात घातलाय, बगा कसं लोळतंय ते. आन् तुमची डाळ करपलीय, वास येतोय का न्हाई? रोज ही मावशी एकटी करती. आज एवढ्या जनी राबल्या, चोरून राबल्या, तरी तिच्यासारखं झालं न्हाई. आता म्हना आपोआप!’’

गटातल्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एवढ्या सगळ्यांची चहाडी एका दमात कुणी केली नसेल. पण त्या चहाडीत जे होतं ते माझ्या सगळ्या भाषणांत नव्हतं. मॅडमनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मला मान्य आहे. मावशींच्या कामाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण रात्री? माणूस नको का कुणी दुसरं?’’

‘‘आबा रात्री झोपायचे, मॅडम,’’ मी म्हटलं. मला वाचा परत आली होती. ‘‘फेरी मावशीच मारायच्या.’’

‘‘तरी पण दोन माणसं म्हणजे दोन माणसं.’’

‘‘मंग मी ऱ्हाते,’’ आक्का म्हणाली.

ती हे काही दयेपोटी म्हणाली नाही. भांडण जिंकायला आलं होतं आणि तिला ते सोडायचं नव्हतं. ‘‘दोन मान्सं पायजेत ना? एक ही, एक मी. आता बोला.’’

मॅडम गोंधळल्या. ‘‘दोघी बायका? पुरुष कुणीच नाही?’’

तेव्हा खुर्चीतून सासूबाई बोलल्या. तोपर्यंत त्या नुसत्या ऐकत होत्या, आणि मला वाटलं होतं त्यांना ऐकू कमी येतं. ‘‘मुंबईच्या घरी तुम्ही परदेशात जाता तेव्हा रात्री मी आणि माझी बाई दोघीच असतो,’’ त्या सुनेला म्हणाल्या. ‘‘तेव्हा नाही विचारलंस कधी, पुरुष कोण म्हणून.’’

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. ‘‘ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण पगार दोघींना वेगवेगळा देईन, म्हणजे नंतर भांडण नको. आणि उद्या दुपारच्या आत नक्की सांगा, ते लोक यायच्या आधी.’’ बाई मुळात वाईट नव्हतीच, तिला कुणी कधी समोर उभं राहून सांगितलं नव्हतं इतकंच. मी टाळ्याच वाजवणार होते.

पण आक्काचं संपलं नव्हतं. ती मावशीकडे वळली. आवाज अगदी साधा.

‘‘माजी एक अट हाय. खोलीत चूल एकच ऱ्हाईल. तुमी करा न्हाईतर मी करते, पर जेवायचं दोगींनी. मला उपासवाली जोडीदारीन नगं.’’

व्हरांड्यात कुणी हसलं नाही. इतकी वर्षं पुढच्या बैठकीत जाणारा मुद्दा शेवटी याच बैठकीत आला होता. सरांनी तोंड उघडलं, आणि देवाची कृपा, परत मिटलं.

मावशीनं बादली उचलली. ‘‘आज शनवार हाय. मला मारुतीला जायचंय,’’ म्हणाली, आणि निघून गेली.

मला संताप आला, खरंच सांगते. दिवाळी तोंडावर आली, डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली, आणि या बाईला मारुती! संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन मी तिला नको नको ते बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘तुला काय कळतंय? ही चूल माज्या सासूची, गावातल्या घरनं आनलेली. लोक काय म्हंतील मला?’’

‘‘कोण लोक? ज्यांनी पडवीत जागा दिली नाही ते?’’

ती उठून उभी राहिली. ‘‘तू घरी जा बाई,’’ मग म्हणाली, ‘‘तुज्या आवाजानं कुत्रं उठतंय.’’

स्टेशनवर आक्का गाडीची वाट बघत बाकड्यावर बसली होती. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं ती अजून तापलेली असेल. पण ती पिशवीतला डबा मांडीवर घेऊन बसली होती.

‘‘ताई, मी काय तिच्या खोलीची भुकेली न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘भावाच्या घरी मला कोपरा हाय. कोपरा तो कोपराच, पर हाय.’’ मग डब्यावर बोटं वाजवत म्हणाली, ‘‘दर बैठकीला मी एक भाकरी तिची म्हनून जास्तीची घेती. दर बारीला परत नेती. भावजय हसती मला, म्हंती, रोज परत आनतीस ती नेतीस कशापायी?’’

 उपासांवरून केलेल्या माझ्या सगळ्या विनोदांत ती जास्तीची भाकरी मला एकदाही दिसली नव्हती. गाडी आली, ती चढली, आणि मी तिथंच बसून राहिले.

रविवारी सकाळी लवकरच मी स्कूटी काढली. सर येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. खरं तर त्यांना त्या दिवशी दुसरंच काम होतं. त्या नव्या जोडीच्या पोटावर पाय नको म्हणून त्यांनी भाजे गावाच्या बाजूला एक बंगला बघून ठेवला होता, आणि मावशीचं काही ठरायच्या आधीच तिथल्या मालकाला शब्द देऊन बसले होते. असा माणूस. याच्यावर चिडावं तरी कसं?

मॅडम व्हरांड्यात फोन हातात घेऊन होत्या. भुवया उंचावून त्यांनी मला विचारलं, मी ‘अजून ठरलं नाही’ अशी मान हलवली आणि मागे गेले.

आक्का माझ्याआधी पोचली होती. ओट्याच्या कडेला बसली होती, डबा शेजारी, न उघडलेला. मावशी अंगण झाडत होती. सगळं अंगण झाडून झालं, आक्काच्या पायाशी आली, तिला वळसा घालून पलीकडे गेली, परत तिच्याच पायाशी आली. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. मीही बोलले नाही. माझ्यासाठी ते किती अवघड होतं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

मावशीनं खराटा कोपऱ्यात उभा केला. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्यावर येऊन बसली. आक्कापासून हातभर लांब.

‘‘काय आनलंयस?’’

‘‘सुकट. आन् भाकरी.’’

‘‘आज वार कंचा?’’

 रविवार. रविवारी आम्ही कधी बैठक घेतलीच नव्हती, आणि मावशीला रविवारचा देव शोधायला असा कितीसा वेळ लागणार होता?

‘‘रविवार,’’ मी म्हटलं.

मावशी चुलीकडे बघत राहिली. मग हात पुढे केला.

‘‘दे.’’

आक्कानं डबा उघडला. झाकण लवकर निघेना. भाकरीवर सुकट घालून तिनं मावशीच्या हातात ठेवली. मावशीनं घास मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

‘‘मीठ लय पडलंय,’’ मावशी म्हणाली.

आक्का तिच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती.

‘‘इतकी वर्सं डबा आनतीया मी,’’ ती म्हणाली. ‘‘तवा सांगायचं व्हतं.’’

मावशीनं मान खाली घातली. दुसरा घास मोडला. तो खाऊन झाल्यावर, आक्काकडे न बघता, ती म्हणाली, ‘‘उद्यापास्नं मीठ मी घालीन.’’

‘‘घाला,’’ आक्का नाक पुसत म्हणाली. ‘‘पर तिखट माज्या हातचं.’’

‘‘बगू,’’ मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘‘तू काय बगत बसलीस हितं? जा, त्या म्याडमला सांग.’’